पारसिकचा डोंगर जागा होईल का?

घणसोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी खोदकाम चालू असताना दहा-बारा फुटांवर भोकाभोकांचा काळा दगड निघाला. काही भोकांत पांढरे चमकणारे खडे होते. त्याच आठवड्यात ग्रुपवर फॉरवर्ड आला की पारसिकचा डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी, वज्रेश्वरीचं गरम पाणी हा त्याचा पुरावा आणि पालघरचे भूकंपाचे धक्के म्हणजे त्याने कूस बदलायला केलेली सुरुवात. घाबरायचं का? आणि त्यांच्या सातवीतल्या मुलीचा वेगळाच प्रश्न आहे: जगात ज्वालामुखी नसतेच तर बरं झालं नसतं का?

मी भूवैज्ञानिक. तीसेक वर्षं ठाणे-बेलापूर-पनवेल पट्ट्यात इमारतींचे पाये, बोगदे आणि दगडखाणी यांच्यासाठी खडक तपासत आलो. आईचा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. मुलीचा प्रश्न इतक्या वर्षांत फार तर दोनदा ऐकला असेन. दोन्ही उत्तरं त्या टाकीतून निघालेल्या दगडात आहेत, म्हणून तो फेकू नका.

आधी भीतीचं बघू. आपल्या पायाखाली ज्वालामुखीचाच खडक आहे, एवढं त्या फॉरवर्डमधलं खरं. कळवा, मुंब्रा, ऐरोली, तुर्भे, खारघर, कुठेही मातीखाली किंवा खाडीच्या चिखलाखाली गेलात की बसाल्ट लागतो. खाणीवर त्याला नुसतं काळा दगड म्हणतात आणि तुमच्या घराच्या स्लॅबमधली खडी बहुधा त्याचीच आहे. नव्या विमानतळासाठी उलव्याची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची टेकडी सपाट केली, तीही याच खडकाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थांबला, पुन्हा वाहिला, आणि असे थरांवर थर चढत गेले. झिजून झिजून उरलेला भागही आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. पायथ्यापासून शिखरावरच्या देवळापर्यंत तुम्ही लाव्ह्यावरूनच चढता. त्यातले काही प्रवाह तर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले होते.

पण हे सगळं बाहेर आलं कुठून? चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा, टोकाला विवर असलेला डोंगर आपल्याकडे फारसा नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून पातळ लाव्हा उसळून पसरत गेला, तव्यावर घावन पसरतं तसा. भूगोलाच्या पुस्तकात याला भेगी उद्रेक म्हटलेलं असतं. शेवटचा लाव्हा भेगेतच थिजला की दगडी भिंत तयार होते, तिला आम्ही डाइक म्हणतो. ठाण्यापासून अलिबागपर्यंत अशा उत्तर-दक्षिण भिंती पुष्कळ सापडतात. बोगदा खणताना अशी भिंत आडवी आली की ठेकेदाराच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण तिच्या दोन्ही अंगांना खडक तडकलेला असतो आणि तिथूनच पाणी येतं.

तर पारसिक झोपलेला नाही, कारण तो ज्वालामुखी कधी नव्हताच. वाहून आलेल्या लाव्ह्याच्या थरांचा तो न झिजलेला तुकडा आहे. त्याच्या पोटातून १९१६ साली १.३ किलोमीटरचा रेल्वे बोगदा गेला. शंभराहून जास्त वर्षं गाड्या त्यातून जाताहेत, आणि आत खडक गरम लागतो अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही. मलंगगड, चंदेरी, इर्शाळगड, कर्नाळ्याचा अंगठा यांचे सुळके पाहून ट्रेकला येणारे मुलगे हमखास विचारतात की हे ज्वालामुखीचं तोंड का. टोकदार दिसतं म्हणून तसं वाटतं. पावसाने आणि वाऱ्याने आजूबाजूचा खडक नेला, टणक तेवढं उभं राहिलं. आणि उलट गंमत अशी की महाराष्ट्रात ज्याला विवर म्हणावं असं एकच ठिकाण सगळ्यांना माहीत असतं, लोणार. ते पावणेदोन-दोन किलोमीटरचं गोल तळं आहे, लाव्ह्याच्याच खडकात आहे, आणि तरीही त्याचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही. वरून अशनी आदळून तो खड्डा पडला. कांगड्याच्या ज्वालामुखी देवीचंही तसंच. देवीचं नाव आणि आपला शब्द एकच, पण तिथल्या ज्योती खडकातून झिरपणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आहेत.

मग तेव्हाची ती आग गेली कुठे? ती बहुधा आपल्या जागीच राहिली, आपण पुढे निघून आलो. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, खोलवरून वर येणारा एक तप्त झोत तेव्हा भारताच्या खाली होता. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या झोताच्या वर एकामागून एक ज्वालामुखी तयार होत गेले. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांची पोवळ्यांची बेटं ज्या बुडालेल्या कण्यावर वाढली आहेत, तो कणा ही त्या प्रवासाची खूण. त्यापुढे मॉरिशस. आज तो झोत मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पिटों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत उद्योगी ज्वालामुखींपैकी एक आहे. चूल तिथे पेटलेली आहे, आपल्याकडे थंड तवा उरलाय.

भारतातला सध्याचा जागृत ज्वालामुखी म्हणायचा तर अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर. दीड-पावणेदोनशे वर्षं गप्प राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो आहे. बेटावर वस्ती नाही.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांबद्दल. देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त, अशी तिथली कथा आहे. ती मला फॉरवर्डपेक्षा जास्त आवडते. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. जगात कुठेही वाढतं, त्यासाठी लाव्हा लागत नाही. पावसाचं पाणी खोल भेगांतून एक-दोन किलोमीटर खाली उतरलं, तापलं, आणि दुसऱ्या भेगेने भराभर वर आलं की गरम कुंड. कोकणात अशी कुंडं थेट राजापुरापर्यंत एका ओळीत आहेत, कारण सह्याद्रीला समांतर कवच मोडलेलं आहे. घाटावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असतात. पनवेलच्या पट्ट्यात आलात की तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलायला लागतात. आम्ही त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतो. कवच वाकलं की भेगा पडणारच. पालघरचे, डहाणू-तलासरीकडचे २०१८ च्या नोव्हेंबरपासूनचे धक्के हे असल्याच जुन्या भेगांवरचे. तिथे शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येत असल्याची कुठलीही खूण नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हता. भूकंपाची तयारी आपल्याला हवीच, इमारत त्या हिशेबाने बांधायला हवी. पण तो वेगळा विषय.

भीती घालायचीच असेल तर ती कुठे घालावी हे सांगतो, कारण ती योग्य जागी असली की उपयोगी पडते. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे पुष्कळदा विटकरी लाल रंगाचा थर असतो. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. एक प्रवाह थिजला, बराच काळ उघडा राहिला, त्याचा माथा कुजून माती झाली, मग वरून पुढचा तापलेला प्रवाह आला आणि ती माती भाजली गेली. हा थर कोरडा असताना दगडासारखा वागतो, आणि भिजला की साबणासारखा.

नव्वदच्या दशकात एका उतारावरच्या कामासाठी मी बोअर घेतले होते. ड्रिलवाल्याने कोअर बॉक्स आणून ठेवला (बोअरमधून निघालेले खडकाचे दांडके, म्हणजे कोअर, ओळीने ठेवायची पेटी), त्यात एका ठिकाणी हातभर जागा रिकामी. म्हणाला, साहेब, इथे कोअर आलाच नाही, मुरूम असेल. मी तसंच लिहून टाकलं. मुरूम नव्हता, बोल होता. ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. थर उताराच्याच दिशेने कललेला होता, पायथ्याला जागेसाठी डोंगर उभा कापला होता, आणि जुलैत वरचा भाग त्या लाल थरावरून सरकत खाली आला. माणूस दगावला नाही, दोन डंपर आणि नवी रिटेनिंग वॉल गेली. तेव्हापासून रिकामा कोअर बॉक्स दिसला की मी पुन्हा बोअर घ्यायला लावतो, शिव्या खातो.

दरडी फक्त बोलमुळेच कोसळतात असं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा उतारावरची माती आणि दगडगोटे पावसाने भिजून सुटले होते. ठाणे-नवी मुंबईतल्या डोंगराखाली राहणाऱ्यांनी विचारायचा प्रश्न हा आहे: आमच्या मागचा उतार कोणी कापलाय का, पाणी कुठून वाहून जातं, आणि वरच्या बाजूला नव्या भेगा दिसताहेत का. सोसायटीच्या ग्रुपवर हे फॉरवर्ड करा.

आता मुलीचं. ज्वालामुखी नसते तर?

तिच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिचं म्हणणं उगाच नाही. इंडोनेशियातला तांबोरा एप्रिल १८१५ मध्ये फुटला. पुढच्या वर्षी युरोप आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा असा झालाच नाही, पिकं गेली, लोक उपासमारीने मेले. क्राकाटोआ २७ ऑगस्ट १८८३ ला उडाला आणि त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. छत्तीस हजारांवर माणसं मेली, बहुतेक त्सुनामीने. कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा १९८५ चा उद्रेक तर तसा मोठाही नव्हता. पण त्याने माथ्यावरचा बर्फ वितळवला, राखेचा चिखल दऱ्यांतून उतरला आणि आर्मेरो हे गाव झोपेत गाडलं गेलं. वीस हजारांवर माणसं. धोक्याचा नकाशा तयार होता, गाव रिकामं केलं गेलं नव्हतं.

काही ज्वालामुखी असे उडतात आणि काही निमूट वाहतात, याचं कारण स्वयंपाकघरात आहे. पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे येतात आणि मुकाट फुटतात. घट्ट पिठलं रटरटायला लागलं की फटकन उडून हात भाजतं. शिलारसातही वायू विरघळलेले असतात, मुख्यतः वाफ, मग कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू. बसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंशांचा आणि पातळ, त्यातून वायू सहज सुटतात. हवाई, आइसलंड आणि आपलं दख्खन या जातीचे. सिलिका जास्त असलेला शिलारस घट्ट असतो, वायू कोंडतात, दाब वाढत जातो आणि मग डोंगराचा माथाच उडतो. प्रशांत महासागराभोवतीच्या अग्निकंकणात, जिथे जगातले सुमारे तीन चतुर्थांश जागृत ज्वालामुखी आहेत, ही जात जास्त.

तिथेच का, तर तिथे समुद्राचा तळ खंडांखाली घुसतो आणि सोबत पाणी घेऊन जातो. तापलेल्या खडकाला पाणी मिळालं की तो कमी तापमानाला वितळायला लागतो. बर्फावर मीठ घातलं की तो लवकर का वितळतो हे कुल्फीवाल्याला ठाऊक असतं, तशातलाच प्रकार. दुसरी जागा म्हणजे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर जातात. तिथे वरचा दाब हलका होतो आणि प्रावरणाचा खडक आपोआप थोडा वितळतो. समुद्राखाली अशी सुमारे ६५,००० किलोमीटरची डोंगररांग आहे आणि पृथ्वीवरचा बहुतांश लाव्हा तिथेच, कुणाच्या नजरेला न पडता बाहेर येतो. तिसरी जागा वर सांगितलेले तप्त झोत.

शाळेत जागृत, निद्रिस्त, मृत अशी वर्गवारी शिकवतात. परीक्षेपुरती ठीक आहे. फिलिपिन्समधला पिनातुबो साधारण पाचशे वर्षं गप्प होता. एप्रिल १९९१ मध्ये तो कुरकुरायला लागला. तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी धक्के मोजले, वायू मोजले, आणि १५ जूनच्या मोठ्या स्फोटाआधी हजारो लोकांना हलवलं. त्याच दिवशी चक्रीवादळही आलं. राख भिजून जड झाली आणि जे मेले त्यातले पुष्कळ जण छप्परं कोसळून मेले. तरीही हा माझ्या मते ज्वालामुखीशास्त्राचा सर्वांत चांगला दिवस, कारण जे वाचले ते हजारोंनी वाचले. त्या उद्रेकातून दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वरच्या हवेत गेला, त्याच्या बारीक थेंबांनी ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

दूरच्या ज्वालामुखीचं आपल्याला काय, असंही वाटायला नको. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि त्याची राख येमेन, ओमान करत एक-दोन दिवसांत भारतावरून गेली. विमानं रद्द झाली. ही राख चुलीतल्यासारखी मऊ नसते, ती काचेची भुकटी असते. जेट इंजिनात ती वितळते आणि पात्यांवर थापली जाते. १९८२ मध्ये जावावरून जाणाऱ्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती, नशिबाने खाली उतरताना पुन्हा सुरू झाली. आणि त्याहून जुनी भेट आपल्याकडे जुन्नर तालुक्यात आहे. कुकडी नदीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर सापडतो. तो सुमात्रातल्या टोबाचा, हजारो किलोमीटरवरून हवेतून आलेला. टोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकाचा, यावर अजून वाद चालू आहे.

आणि आपलं दख्खन? आइसलंडमध्ये लाकी नावाची भेग १७८३ मध्ये उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. सुमारे १५ घनकिलोमीटर लाव्हा आला. गवतात विषारी फ्लोरीन उतरलं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातली जवळपास एक पंचमांश माणसं गेली. दख्खनमध्ये लाखो घनकिलोमीटर लाव्हा आला. मुख्य भर दहा लाख वर्षांच्या आत उरकला, आणि त्याच काळात डायनोसॉर संपले. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला आदळलेला अशनी हा मुख्य गुन्हेगार मानला जातो, माझंही मत तेच. पण दख्खनने आधीच हवा बिघडवून ठेवली नव्हती असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही.

एवढं सगळं मुलीच्या बाजूने. आता तिला टाकीतला तो दगड हातात द्या आणि भोकं दाखवा. ती भोकं म्हणजे बुडबुडे. लाव्हा थिजताना वायू वर जात होते, वरचा भाग आधी थंड झाला आणि काही बुडबुडे तिथेच अडकले. म्हणून भोकाभोकांचा दगड बहुधा प्रवाहाच्या माथ्याकडे असतो. खाली घट्ट, सलग काळा दगड लागतो. तुमच्या इंजिनिअरला सांगा, टाकीचा तळ त्या घट्ट दगडावर टेकला तर बरं.

जे बुडबुडे अडकले नाहीत ते हवेत गेले, आणि असेच वायू चारेकशे कोटी वर्षं बाहेर येत राहिल्याने पृथ्वीला हवा मिळाली. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, वाफ. प्राणवायू मात्र नाही, तो पुढे जीवांनी बनवला. समुद्राचं सगळं पाणी मुळात कुठून आलं यावर वाद आहेत, पण खडकात अडकलेलं पाणी बाहेर काढण्याचं काम ज्वालामुखींनी केलं यावर नाही. मंगळावर ऑलिम्पस मॉन्स नावाचा बावीसेक किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. पण तो लहान ग्रह आतून थंडावत गेला, वायूंचा भरणा आटला, असलेली हवा अवकाशात निसटत गेली. आज तिथे श्वास घ्यायलाही काही नाही आणि ऊब धरून ठेवायलाही.

ऊब हा शब्द मुद्दाम वापरला. हवेत उष्णता अडवणारे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते १५ अंशांच्या जवळपास आहे. त्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा, आणि तो हवेत कायम टिकत नाही. पावसात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं, ते खडक खातं. खडकातला कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनलेलं बायकार्बोनेट नदीतून समुद्रात जातं, तिथे शिंपले आणि पोवळी त्याचं कवच करतात, त्याचा चुनखडक होतो. म्हणजे हवेतला कार्बन दगडात बंद. हे असंच चालू राहिलं आणि परत देणारं कोणी नसलं तर पृथ्वी गोठते. सुमारे सत्तर कोटी वर्षांपूर्वी ती जवळजवळ अख्खी गोठली होतीही. तेव्हा बर्फाखाली खडकांची झीज थांबली, ज्वालामुखी मात्र बर्फातून डोकं काढून कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले, आणि लाखो वर्षांनी तो इतका साठला की बर्फ वितळला. बंद झालेला कार्बन परत आणायचा एकच मोठा रस्ता आहे: समुद्रतळासोबत तो चुनखडक खाली जावा, तापावा, आणि ज्वालामुखीतून बाहेर पडावा.

एक सावधगिरी. हे ऐकलं की कोणीतरी काका म्हणतातच, मग तापमानवाढ ज्वालामुखींमुळेच, आपल्या गाड्यांचं काय एवढं! जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. आपण कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सदतीसेक अब्ज टन सोडतो. जवळपास शंभरपट. ज्वालामुखी जो हिशेब लाखो वर्षांत जुळवतो तो आपण दीडशे वर्षांत मोडला.

या चक्रातला दुसरा अर्धा भाग आपल्या दारात चालतो, आणि मुलीला मला खरं तर हेच दाखवायचं आहे. आंबट पाण्यात ग्रॅनाइट हळू झिजतो, बसाल्ट भराभर. जमिनीवर बसाल्ट आहे जेमतेम ५ टक्के, पण खडकांच्या अशा झिजेने हवेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे तिसरा हिस्सा तो एकटा ओढतो. आणि बसाल्ट, उष्ण हवा आणि धो धो पाऊस हे तिन्ही एकत्र असलेल्या जागा जगात मोजक्या. त्यातली एक सह्याद्री-कोकण. खारघरचा पांडवकडा धबधबा जुलैत कोसळताना लोक सेल्फी काढतात. त्या पाण्याबरोबर खडकाचा अंश खाडीत जातो, सोबत हवेतला थोडा कार्बनही. जावावरच्या ज्वालामुखीने सोडलेला असेल, नाहीतर घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकने. आपला लाव्हा थंड होऊन सहा कोटी वर्षं झाली तरी त्याचं काम चालू आहे.

बाकीची भूमिका पाठ्यपुस्तकात असतेच, भरभर सांगतो. तांबं, सोनं यांचे मोठे साठे जुन्या ज्वालामुखींच्या मुळाशी सापडतात. हिरे ज्या किंबरलाइटमधून येतात तोही ज्वालामुखीचाच खडक. आइसलंडमध्ये दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे सापडले आणि सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी अख्खी वस्ती तिथे दिसली. जीवनाची सुरुवात अशाच ठिकाणी झाली असावी असं पुष्कळांना वाटतं.

सुपीक मातीबद्दल मात्र थांबतो, कारण हे वाक्य जरा सैलपणे वापरलं जातं. ज्वालामुखीची जमीन सुपीक, खरं. जावा बेट त्यावरच पोसलं गेलं. पण आपल्याकडेच बघा. तोच बसाल्ट घाटावर कमी पावसात झिजला तर काळी कसदार माती होते, कापूस आणि ज्वारीची. कोकणात तोच खडक इतक्या पावसात धुतला जातो की कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं, लोखंड आणि ॲल्युमिनियम उरतं, आणि जांभा होतो. त्यावर हापूस येतो, पण शेतकऱ्याला विचारा तिथे काय काय करावं लागतं. खडक एकच, पाऊस वेगळा.

राहिले पांढरे खडे. लाव्हा थिजल्यानंतर खूप काळाने त्या भोकांतून कोमट पाणी फिरलं आणि जाताना क्षार मागे ठेवत गेलं. ते बहुधा झिओलाइट असतील, स्टिलबाइट किंवा हुलँडाइट. तुर्भ्याच्या खाणींतून असे सुंदर नमुने निघाले आहेत आणि संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात. किंवा ते कॅल्साइट असेल. ओळखायचं कसं ते सांगतो. मोठ्या माणसाने सुरीने एक खडा थोडा खरवडून भुकटी काढावी आणि मुलीने त्या भुकटीवर दोन थेंब व्हिनेगर टाकावं. फसफसून बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, आणि ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. ज्या कार्बनबद्दल वर इतकं लिहिलं तोच, कोट्यवधी वर्षं दगडात बंद असलेला. काहीच झालं नाही तर झिओलाइट समजा आणि दिवसाच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून जवळून फोटो काढून मला पाठवा. आणि टाकीच्या खड्ड्याच्या भिंतीत कुठे लाल पट्टा दिसतोय का, तोही एक फोटो घ्या.